मॅकला व्हायरस लागत नाही : एप्रिल २०१२ चं फ्लॅशबॅक प्रकरण

एप्रिल २०१२. पुण्यात नारायण पेठेतला एक डीटीपी स्टुडिओ, तीन मॅक, बाहेर रणरणतं ऊन. टर्मिनल, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, उघडून मी एकेका मशीनला दोन प्रश्न विचारत होतो. सफारी, म्हणजे मॅकचा ब्राउझर, सुरू होताना तिच्याबरोबर आणखी काही सुरू करायला कुणी सांगून ठेवलंय का? आणि या युजरच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एखादी फाइल घुसवायची नोंद आहे का? मशीन स्वच्छ असेल तर दोन्ही वेळा उत्तर एकच यायला हवं, की अशी नोंदच नाही. पहिल्या मशीननं तेच सांगितलं. दुसऱ्यानंही. तिसऱ्यानं पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं आणि दुसऱ्याला एका फाइलचा पत्ता काढून दिला. सगळ्या युजरना सामाईक असलेल्या फोल्डरातली, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली फाइल. मॅकवर टिंबानं सुरू होणारं नाव फाइंडरमध्ये, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, दिसत नाही. ती तिथं होती, आणि दिवसभर त्याच पडद्यासमोर बसणाऱ्या ऑपरेटरला दिसणं शक्य नव्हतं.

स्टुडिओच्या मालकांना मी काका म्हणतो. ते मागं उभे होते. "अरे, मॅकला व्हायरस लागत नाही म्हणून तर एवढे पैसे घातले," ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. हे वाक्य त्यांना कधीकाळी मीच सांगितलं होतं.

छपाईच्या धंद्यातल्या लोकांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी करतो. "मॅकला अँटिव्हायरस लागतो का?" हा प्रश्न अजूनही महिन्यातून दोनतीनदा येतो. हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर द्यायचं मी त्या दिवसापासून सोडलं, म्हणून फ्लॅशबॅक या मॅकमध्ये घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमचं ते प्रकरण इथं नीट मांडतो.

समज कुठून आली

ती पूर्ण खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. २००६ पासूनच्या अ‍ॅपलच्या जाहिरातींत विंडोजवाला माणूस शिंकत यायचा आणि मॅकवाला त्याला रुमाल द्यायचा. विंडोजवर तेव्हा खरोखरच तशी अवस्था होती. कुणाचाही पेनड्राइव्ह लावला की काहीतरी उपटायचं. मॅकवर तसं होत नव्हतं. युनिक्स या जुन्या सिस्टिमच्या पायावर उभी सिस्टिम, पासवर्ड विचारल्याशिवाय तिच्या गाभ्याला हात लावता येत नाही, आणि मॅक वापरणारे इतके कमी की चोरांना त्यासाठी वेगळं हत्यार घडवणं परवडत नसे. यातलं शेवटचं कारण सगळ्यांत मोठं होतं आणि सगळ्यांत तकलादूही. गिऱ्हाइकं वाढली की ते उरत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, १९८२ साली फ्लॉपीवरून मोकाट पसरलेला एल्क क्लोनर हा अगदी सुरुवातीच्या व्हायरसांपैकी एक, आणि तो अ‍ॅपल टू या मशीनचाच. रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलानं तो लिहिला होता. म्हणजे अ‍ॅपलचं मशीन आणि व्हायरस यांचं वाकडं होतं असंही नाही.

खुद्द अ‍ॅपललाही नेमकं काय सांगावं हे ठरवता येत नव्हतं. मॅकवर अँटिव्हायरस वापरा, शक्यतो एकापेक्षा जास्त वापरा, असा सल्ला देणारं एक पान त्यांच्या मदत विभागात होतं. डिसेंबर २००८ मध्ये त्याची बातमी झाली आणि पान काढून टाकलं गेलं. पुढच्याच वर्षी, स्नो लेपर्ड या मॅकच्या नव्या सिस्टिममध्ये, गाजावाजा न करता एक छोटा अँटिव्हायरस आत बसवला गेला. एक्सप्रोटेक्ट त्याचं नाव. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो आहे हेच माहीत नव्हतं.

सात आठवडे

फ्लॅशबॅक पहिल्यांदा सापडला सप्टेंबर २०११ मध्ये, मॅकसाठी अँटिव्हायरस बनवणाऱ्या इंटेगो या कंपनीला. तेव्हा तो फ्लॅश प्लेयरचा इन्स्टॉलर म्हणून यायचा; नाव त्यावरूनच पडलं. तुम्ही स्वतः डबल क्लिक करायचं, स्वतः पासवर्ड द्यायचा, मग तो आत. अशा फसवणुकीपुढं कुठलीच सिस्टिम पुरी पडत नाही, आणि "आपण नाही बुवा असलं काही उघडत" असं म्हणून लोक निश्चिंत राहिले.

२०१२ च्या सुरुवातीला त्याची चाल बदलली. आता तो जावातून, म्हणजे साइटवरचे छोटे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या साधनातून, येऊ लागला. ब्राउझरमध्ये जावा चालू असेल आणि त्यात भोक असेल, तर साइट उघडली की पुरे. वर्डप्रेसवर चालणाऱ्या हजारो साध्यासुध्या साइट फोडून त्यांच्या पानांत एक ओळ घालून ठेवलेली होती. ती ओळ तुम्हाला न कळत दुसरीकडे न्यायची, तिथला जावाचा तुकडा कुंपण ओलांडून फाइल उतरवून घ्यायचा. मग सॉफ्टवेअर अपडेटसारखी दिसणारी एक चौकट पासवर्ड मागायची. दिला, तर तो सफारीतच मुरायचा. नाही दिला, तर? आमच्या ऑपरेटरनं मला तेच सांगितलं होतं, "दादा, एक खिडकी आली होती, पण मी पासवर्ड टाकलाच नाही. कॅन्सल केलं." त्यानं बरोबरच केलं होतं. पण पासवर्ड नाकारला तर फ्लॅशबॅक गाभ्याला हात न लावता त्या एका युजरच्या खात्यात बिऱ्हाड करायचा. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला तिसऱ्या मशीननं जो पत्ता दिला तो या बिऱ्हाडाचा.

प्रकरणाचं मर्म तारखांत आहे. जावा ही ओरॅकलची वस्तू. ज्या भोकातून फ्लॅशबॅक शेवटी सर्वाधिक पसरला, ते ओरॅकलनं १४ फेब्रुवारी २०१२ ला बुजवलं. पण मॅकसाठीची जावा तेव्हा अ‍ॅपल स्वतः तयार करून स्वतःच्या अपडेटमधून द्यायचं. ते अपडेट आलं ३ एप्रिलला. मधले ४९ दिवस, बरोबर सात आठवडे. भोक कुठं आहे हे जगजाहीर, विंडोजवर ते बुजलेलं, मॅकवर उघडं. डॉक्टर वेब या रशियन कंपनीच्या नोंदीनुसार १६ मार्चनंतर फ्लॅशबॅकवाल्यांनी नेमकं तेच भोक वापरायला घेतलं.

आमच्या ऑपरेटरनं त्या काळात काय करायला हवं होतं? अपडेट लावायला हवं होतं, पण ते नव्हतंच. अनोळखी साइटवर जायला नको होतं, पण तो एका पाककृतींच्या ब्लॉगवर गेला होता. काळजी घेणारा माणूस या सात आठवड्यांत उघडाच होता. मॅकवाल्यांना हे पटवून द्यायला मला नंतर वर्षं लागली.

चोर कुणाच्या दारातून परत फिरला

अँटिव्हायरसच्या प्रश्नाशी थेट जोडलेला, आणि मला आजही विलक्षण वाटणारा भाग आता येतो.

मशीनवर उतरल्यावर फ्लॅशबॅक आधी घर पाहून घ्यायचा. एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीनं त्याची चिरफाड करून यादीच दिली होती. लिटल स्निच आहे का, म्हणजे कुठला प्रोग्रॅम बाहेर कुणाशी बोलतोय हे दाखवणारी फायरवॉल. एक्सकोड आहे का, म्हणजे प्रोग्रॅमरचं मशीन आहे का. व्हायरसबॅरियर, आयअँटिव्हायरस, अव्हास्ट, क्लॅमएक्सएव्ही यांपैकी एखादा अँटिव्हायरस आहे का. नेटवर्कवरची वर्दळ तपासणारी आणखी दोन साधनं आहेत का. यातलं एकही दिसलं की तो पुढं काहीही न करता स्वतःला पुसून टाकायचा आणि निघून जायचा.

क्लॅमएक्सएव्ही तेव्हा फुकट मिळायचा. त्यानं फ्लॅशबॅक ओळखावा लागतच नव्हता, तो अ‍ॅप्लिकेशन्सच्या फोल्डरात नुसता असला तरी भागत होतं. चोर पाटी वाचून परत जात होता. त्याला शोधणारे लोक नको होते आणि ज्या घरात कुणीतरी जागं आहे ते घर नको होतं. त्याला हवी होती आपण सुरक्षित आहोत अशी खात्री असलेली मशीन.

पासवर्ड नाकारलेल्या मशीनवर तो आणखी एक गोष्ट पाहायचा : मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा स्काइप आहे का. असेल तर तिथूनही माघार, कारण त्यांच्यात घुसल्यावर ते बंद पडायचे आणि बोभाटा व्हायचा. काकांच्या तिसऱ्या मशीनवर क्वार्क आणि इनडिझाइन हे पानं लावायचे प्रोग्रॅम होते. वर्ड नव्हतं, स्काइप नव्हतं, आणि अँटिव्हायरस तर नव्हताच.

मोजणी

४ एप्रिलला डॉक्टर वेबनं जाहीर केलं की साडेपाच लाखांहून जास्त मॅक फ्लॅशबॅकच्या ताब्यात आहेत. त्याच दिवशी आकडा सहा लाखांच्या वर गेला. त्यांचा एक विश्लेषक इव्हान सोरोकिन यानं सांगितलं की त्यांतले २७४ अ‍ॅपलच्या स्वतःच्या गावातून, क्युपर्टिनोतून, आलेले दिसतात. निम्म्याहून जास्त अमेरिकेत, पाचवा हिस्सा कॅनडात. वापरातल्या एकूण मॅकपैकी शंभरात एकापेक्षा जास्त, असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

हे मोजलं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. लागण झालेला मॅक हुकूम घेण्यासाठी रोज ठरावीक हिशेबानं बनवलेल्या वेगवेगळ्या नावांच्या सर्व्हरना हाक मारायचा. डॉक्टर वेबनं तो हिशेब उलगडला, पुढं लागणारं नाव आधीच नोंदवून ठेवलं आणि हाका मोजत बसले. प्रत्येक हाकेबरोबर मॅकची स्वतःची खूणसंख्या यायची, त्यामुळं एकच मशीन दोनदा मोजलं जात नव्हतं. कॅस्परस्की या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीनं ६ एप्रिलला तसंच एक नाव घेतलं; एका दिवसात सहा लाखांवर मशीन दाराशी आली. पुढच्या आठवड्यात सिमँटेक ही आणखी एक अँटिव्हायरस कंपनी म्हणाली की आकडा २,७०,००० वर आला, तेव्हा डॉक्टर वेबनं ते खोडून काढलं : एका सर्व्हरशी बोलताना मशीन वाट पाहत अडकून राहतात, पुढच्यांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून इतरांना ती कमी दिसतात.

आणि अ‍ॅपल? डॉक्टर वेबचे प्रमुख बोरिस शारोव यांनी तेव्हा सांगितलं होतं की ज्या नावावर ते मोजणी करत होते तेच घातक समजून बंद करावं, अशी विनंती अ‍ॅपलनं रशियातल्या नोंदणी कंपनीला केली. चोर पकडायला बसलेल्यालाच चोर समजणं! व्हायरस शोधणाऱ्या अशा कंपन्यांशी रोजचं बोलणं ठेवायची वेळच तोवर आली नव्हती, यापलीकडं मला त्याचं कारण दिसत नाही. साफसफाई करणारं अपडेट १२ एप्रिलला आलं आणि त्यानं फ्लॅशबॅकचे सर्रास आढळणारे प्रकार धुऊन काढले. जून महिन्यात अ‍ॅपलच्या साइटवरचं एक वाक्यही बदललं. मॅकला पीसीचे व्हायरस लागत नाहीत, असं जिथं होतं तिथं, मॅक सुरक्षित राहील असाच घडवला आहे, असं आलं.

एवढ्या मशीनचं चोरांनी केलं काय? गूगलवरच्या जाहिरातींचे क्लिक आपल्याकडं वळवले. सिमँटेकचा पहिला अंदाज दिवसाला १०,००० डॉलरचा होता. मे महिन्यात नीट पाहिल्यावर दिसलं की क्लिक चोरणारा भाग फक्त १०,००० मशीनवर बसला होता, तीन आठवड्यांत १४,००० डॉलर जमले होते आणि तेही हाती पडलेले नव्हते. पण काकांच्या मशीनवरून पुस्तकांच्या, निवडणुकीच्या, बँकेच्या अहवालांच्या फाइली जायच्या. त्या वाचल्या जाऊ शकत होत्या. बाहेरून कुठलाही प्रोग्रॅम उतरवून चालवायची सोय फ्लॅशबॅकमध्ये होती.

कुणाला लागला

डॉक्टर वेबनं त्याच महिन्यात लागण झालेल्या मॅकची सिस्टिमनुसार विभागणी दिली. सुमारे ६३ टक्के स्नो लेपर्ड, २५ टक्के त्याहूनही जुना लेपर्ड आणि फक्त ११ टक्के लायन, जो तेव्हाचा सगळ्यांत नवा होता. लायनमध्ये अ‍ॅपलनं जावा आधीपासून घालून देणं बंद केलं होतं. ज्याला हवी त्यानं उतरवून घ्यावी. न मागितलेली खिडकी भिंतीतून काढून टाकली एवढंच, आणि आकडा कुठल्या कुठं गेला.

मग काका लायनवर का गेले नव्हते? इथं आपल्या धंद्याची गोष्ट येते. लायननं रोझेटा काढून टाकलं होतं, म्हणजे जुन्या पॉवरपीसी चिपसाठी लिहिलेले प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालवणारा दुवा. काकांकडं पंधरा वर्षांचे दिवाळी अंक जुन्या क्वार्कमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लावलेले होते. सिस्टिम बदलली की त्या फाइली उघडत नाहीत, आणि उघडल्या तरी जोडाक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. म्हणून मशीन जिथल्या तिथं राहिलं. 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' हे छपाईतलं शहाणपण आहे आणि ते अनुभवातून आलेलं आहे. पण नेटला जोडलेल्या मशीनला ते लागू होत नाही, हे कुणी काकांना सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं.

मग अँटिव्हायरस हवा होता का

त्या तिसऱ्या मशीनवर, त्या सात आठवड्यांत : हो. एखादा फुकटचा अँटिव्हायरस तिथं असता तर ही यादी वापरणारा फ्लॅशबॅक दारातून परत गेला असता. पण तेवढंच खरं जावा बंद ठेवण्याबद्दल आहे. ब्राउझरच्या सेटिंगमधली एक खूण काढली असती तर तोच निकाल लागला असता, काहीही विकत न घेता, मशीन मंद न होता. दोन्हींत निवडायचं तर मी आधी खिडकी बंद करीन, मग राखणदार बघीन.

राखणदाराचीही किंमत असते. फ्लॅशबॅक ज्याला घाबरून पळायचा त्या अव्हास्टचंच उदाहरण आहे. आपल्या वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा इतिहास तो जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकत असल्याचं उघड झालं, जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरस घरातली प्रत्येक फाइल वाचतो. तो कुणाचा आहे हे न पाहता बसवणं म्हणजे किल्ली अनोळखी माणसाला देणं.

त्यानंतर मॅक पुष्कळ बदलला. जुलै २०१२ मध्ये गेटकीपर, म्हणजे उतरवलेल्या प्रोग्रॅमवर ओळखीची सही आहे का हे पाहणारा पहारेकरी, आला, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलनं आपला जावा प्लगइन ब्राउझरमधून काढूनच टाकला. तरी फेब्रुवारी २०१३ मध्ये खुद्द अ‍ॅपलच्या काही कर्मचाऱ्यांचे मॅक जावाच्याच भोकातून बाधित झाल्याचं कंपनीनं जाहीर केलं. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंटच्या प्रोग्रॅममध्ये किरेंजर लपून आला, वैध सहीचं प्रमाणपत्र घेऊन, त्यामुळं गेटकीपरनं त्याला आत सोडलं; तीन दिवस गप्प बसून मग फाइली कुलूपबंद करायचा आणि एक बिटकॉइन मागायचा. मे २०२१ मध्ये अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिघी यांनी न्यायालयात शपथेवर सांगितलं की मॅकवरच्या मालवेअरचं, म्हणजे घातक प्रोग्रॅमचं, प्रमाण आम्हाला मान्य होण्यासारखं नाही. २०२३ पासून पासवर्ड आणि ब्राउझरमधली खाती चोरणारे प्रोग्रॅम टेलिग्रामवर महिन्याच्या भाड्यानं मिळू लागले आहेत. ते भोक शोधत बसत नाहीत. 'ही ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाका, अडचण दूर होईल' असं सांगतात आणि लोक टाकतात. ज्या खिडकीतून मी त्या दिवशी चोर शोधला, तिथूनच आता त्याला घरात घेतलं जातं.

म्हणून आता मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो. सिस्टिमला अजून अपडेट येतात का आणि ती लावली जातात का? मशीनवर क्रॅक केलेलं काही आहे का? गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आणि विंडोजवाल्यांच्या फाइली त्यावरून पुढं जातात का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि उरलेल्या दोन्हींचं 'नाही' असेल, तर मॅकच्या पोटात आहे तो अँटिव्हायरस पुरतो, वर पैसे घालू नका. स्टुडिओंमध्ये तशी उत्तरं क्वचितच येतात. फॉन्टच्या क्रॅक केलेल्या सीड्या आपल्याकडं किती वर्षं हातोहात फिरल्या, ते या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या दुपारी मी टिंबवाली फाइल आणि तिची नोंद काढली, मशीन पुन्हा सुरू केलं, दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी दोन्हींना 'नोंद नाही' असं आलं. मग जावा बंद केली आणि ऑपरेटरला त्याचे सगळे पासवर्ड बदलायला बसवलं, शेजारच्या स्वच्छ मशीनवरून. काका सगळं होईपर्यंत तिथंच उभे होते. "पण तो खिडकी कॅन्सल करत होता की," एवढंच ते दोनदा म्हणाले.

जानेवारी २०१४ मध्ये इंटेगोनं सांगितलं की जगात अजून किमान २२,००० मॅक फ्लॅशबॅकच्या हाकेला ओ देतायत. काकांचं मशीन त्यांत नव्हतं. ते अजून स्नो लेपर्डवरच आहे, जुने अंक त्यावर उघडतात. नेटची वायर त्या एप्रिलमध्ये काढली ती परत लावलेली नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या मशीनवर नेतात, आणि तिथं तो पेनड्राइव्ह आधी क्लॅमएक्सएव्हीतून जातो.